बोंडूचं पाण्याचं भांडं

पालकसभा संपली की दर वर्षी कोणीतरी आई मागे थांबते आणि विचारते, टीचर, मुलाला जबाबदारी कळावी म्हणून घरी कुत्रा आणू का. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे लोकांना वाटतं मला उत्तर माहीत असणार. गेल्या वर्षीपर्यंत मी "आणा की, चांगलंच आहे" असं म्हणून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणवत नाही, कारण मे महिन्यात आमच्याच घरी पिल्लू आलं आणि त्याच्यापुढचे आठ महिने काय काय झालं ते मी वहीत तारखांसकट लिहून ठेवलंय, वर्गातल्या मुलांच्या नोंदी ठेवते तशा. त्या वहीवरूनच हे लिहितेय. मुलाचं खरं नाव घालत नाही, घरात त्याला बाबू म्हणतो तेच इथे.

आमचं घर डिचोली तालुक्यात, साखळीपासून जवळच. चिऱ्याचं जुनं घर, पुढे पडवी, मागे काजूची चार-पाच झाडं. घरात मी, नवरा, सासूबाई आणि बाबू. नवरा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, सकाळी सातला निघतो तो काळोख पडल्यावर घरी. बाबू तेव्हा नऊ वर्षांचा, चौथीत जाणार होता. एकुलता एक, आणि खरं सांगायचं तर पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून द्यायची सवय आम्हीच त्याला लावलेली. वाईट मुलगा नव्हे, फक्त कुठलंच काम त्याच्यावाचून अडलं असं त्याच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं.

शेजारच्या काकींच्या कुत्रीने मार्चमध्ये पाच पिल्लं घातली, मागे लाकडं रचून ठेवतात त्या छपराखाली. चार नर होते ते महिन्याभरातच एकेक करून लोकांनी नेले, उरली ती एकटी मादी. आमच्याकडे अजून हेच चालतं, मादी म्हटलं की माणूस हात मागे घेतो, उद्या पिल्लं घालेल मग ती कोणी बघायची म्हणून. काकींचा मुलगा म्हणाला, बाजारात नेऊन सोडतो, मासळीवाल्यांकडे पोट भरेल तिचं. बाबूने ते ऐकलं आणि दोन दिवस जेवला नाही धड. सासूबाईंचं म्हणणं, "घरात सुणें (कुत्रं) नको गो, बागेत राखणीला असतं ते वेगळं." शेवटी देवघरात आणि स्वयंपाकघरात तिचा पाय पडणार नाही या अटीवर त्या तयार झाल्या, आणि ती अट आजही तशीच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरातल्या एका तरी माणसाने स्पष्ट रेघ आखलेली बरी असते.

काकी म्हणत होत्या लगेच घेऊन जा. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आठ आठवडे आईकडे राहू दे, पिल्लं एकमेकांशी खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ थांबवतं, किती जोरात दात लावायचे नाहीत हे ती तिथेच शिकतात. तिची भावंडं तर आधीच गेली होती. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं, जूनमध्ये ते मला फार आठवलं.

१८ मेला ती घरी आली. रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा, तांबूस-पिवळा, म्हणून बाबूने नाव ठेवलं बोंडू. २० मेला पहिली लस, पार्वो, डिस्टेंपर वगैरे कुत्र्यांच्या रोगांवरची एकत्र असते ती. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर, बाजारात न्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि दिवसाला चार वेळा थोडं थोडं खायला.

मे अख्खा छान गेला. बाबू सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याच्या भोंप्याचा, पोंय-पोंय ऐकू आला की उठायचा, कारण त्या आवाजाला बोंडू मान वर करून बारीक आवाजात ओरडायची आणि ते बघायला वाड्यावरची पोरं जमायची. फोटो, व्हिडिओ, माझ्या फोनवरून सगळ्या मावश्या-आत्यांना पाठवणं. मला वाटलं झालं, मुलाला जीव लागला, आता जबाबदारी आपोआप येईल. मी फ्रीजवर एक तक्ता पण लावला, सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी, जेवणाचं भांडं धुणं, पडवी पुसणं, केलं की स्टार. शाळेत आम्ही करतोच असले तक्ते.

इथे माझं पहिलं चुकलं. ती हौस होती, आणि हौशीला मी प्रेम समजले.

जून लागला, शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे दिवसच्या दिवस उसंत नाही, पडवीत ओल, कपडे वाळत नाहीत, आणि त्यात पिल्लू दिवसातून आठ वेळा शी-शू करणार. पडवी पुसायचं काम पहिल्या आठवड्यातच बंद पडलं. मग जेवणाचं भांडं. तक्त्यावर स्टार मात्र रोजचे रोज. ११ जूनला संध्याकाळी मी शाळेतून आले तर पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत, तळाला पांढरा क्षार धरलेला, म्हणजे सकाळपासून कोणी हातच लावला नव्हता, आणि फ्रीजवर सकाळच्या रकान्यात लाल स्टार. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं आणि त्यात पाणी जातं, उकाड्यात भांडं कोरडं म्हणजे साधी गोष्ट नाही. मी काही न बोलता भांडं भरलं. दुसऱ्या दिवशीही भरलं. मग ते माझंच काम झालं, रात्री सगळे झोपले की हळूच उठून पडवीत जायचं, भांडं विसळायचं, भरायचं. का लपून, तर मुलाला वाईट वाटू नये, आणि आपला प्रयोग फसला हे मलाही मान्य करायचं नव्हतं.

१४ जूनला रात्री बाबू पाणी प्यायला उठला आणि मला पडवीत भांड्यासकट बघितलं. मला वाटलं ओशाळेल. तो म्हणाला, "म्हणजे तू करतेसच ना रोज? मग मी कशाला करू?" रागाने नव्हे हां, अगदी साध्या आवाजात, हिशेब जुळल्यासारखा. मी याच्यावर खूप विचार केला, आणि माझं मत असं झालंय की तो बरोबर बोलला. ज्या कामाला मागून दुसरा हात आहे ते काम आपलं नसतंच, ते फक्त आपल्या नावावर लिहिलेलं असतं. वर्गात मी तीस मुलांना हेच शिकवत होते आणि घरी उलटं करत होते.

त्या रात्री नवरा पण जागा झाला आणि दिवसभराच्या दमणुकीत त्याच्या तोंडून निघून गेलं, "नीट करायचं नसेल तर परत देऊन टाकू काकींकडे." आपण सगळेच बोलतो असं. घरोघरी बोललं जातं. या एका वाक्याचं पुढे काय झालं ते आता सांगते, आणि हे सगळं लिहायला बसले ते मुख्य याच्यासाठीच.

बोंडूची रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की द्यायची होती, म्हणजे १६-१७ जूनच्या आसपास. त्या आठवड्यात धो धो पाऊस, शाळेत काम, मी म्हटलं पुढच्या शनिवारी नेऊ. तेही माझंच. १७ जूनला बाबू तिच्याशी दोरीने ओढाओढी खेळत होता आणि तिने दोरी समजून बोटच धरलं. दात लागले, रक्त आलं. त्याने मागच्या नळाखाली हात धुतला, माझ्या शिवणाच्या डब्यातली चिंधी गुंडाळली आणि कोणाला सांगितलं नाही. मला म्हणाला शाळेत दारात बोट सापडलं. दोन दिवस. १९ तारखेला जेवताना डाव्या हाताने भात कालवतोय बघून सासूबाईंनी उजवा हात धरला आणि चिंधी सोडली. करंगळीच्या शेजारच्या बोटावर दोन भोकं, कडा सुजलेल्या.

त्या वेळी मी ओरडले नाही, त्याचं कारण त्याचा चेहरा. तो बोटाकडे बघतच नव्हता, पडवीच्या दाराकडे बघत होता. म्हणाला, "तिने मुद्दाम नाही केलं. परत नका देऊ."

हातातली कामं टाकून आरोग्य केंद्रात गेलो. वाटेत काकी म्हणाल्या, कशाला घाबरता, गोव्यात आता रेबीज कुठे राहिलाय. हे बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार मिळून इथे दर वर्षी गावोगाव फिरून जाळी लावून कुत्र्यांना लसी देतायत, शाळांमधूनही येऊन मुलांना शिकवतात, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. मोठं काम आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण नियंत्रित म्हणजे संपला असं नव्हे. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही बाजूंना लागून, कुत्र्यांना सीमा माहीत नाहीत, आणि या रोगाची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. उपाय तो त्याच्या आधीच करायचा असतो. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि तडक दवाखाना.

डॉक्टरबाईंनी बाबूला समोर बसवलं आणि मला गप्प राहायला सांगितलं. त्याला म्हणाल्या, "नुसतं खरचटलं होतं की रक्त आलं होतं? नीट आठवून सांग, त्याच्यावर आपलं औषध ठरणार आहे." मला माहीत होतं की रक्त आलं असेल तर लसीबरोबर सिरम, म्हणजे लगेच काम करणारं वेगळं इंजेक्शन, पण लागतं आणि ते जखमेतच, तिच्या भोवती टोचतात, बोटावर ते किती दुखेल. त्याला एवढं माहीत नव्हतं, पण "औषध ठरणार" म्हणजे जास्त काहीतरी टोचणार एवढं त्याला नक्की कळलं. आणि कुत्री जास्त वाईट ठरणार असंही त्याला वाटत असणार. तो थोडा वेळ चुळबुळला आणि म्हणाला, "आलं होतं. चिंधी भिजली एवढं आलं होतं."

सिरमसाठी पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. बोट त्यांनी धरून ठेवलं, तो रडला, खूप रडला, मी त्याचं डोकं पोटाशी धरून होते. लसीचे बाकीचे डोस मग २२ जून, २६ जून आणि १७ जुलै, म्हणजे शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस असे दिवस धरतात ते. आणि बोंडूला चावल्यापासून दहा दिवस घरातच नजरेखाली ठेवायचं, ती नीट खाते-पिते ना, वागण्यात काही बदल नाही ना. दहा दिवस संपले, ती ठणठणीत, आणि मग तिला रेबीजची लस दिली. या वेळी पाऊस होताच, तरी नेली.

बोट सापडलं त्या १९ जूनच्या रात्रीच मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो बराच वेळ पडवीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळची बस सोडली त्याने, बाबूला उठवून बोंडूजवळ नेलं आणि सांगितलं, "परत देईन म्हणालो ते चुकलं माझं. ती आता आपल्या घरची. तू काम केलंस तरी घरची, नाही केलंस तरी घरची. पण तिच्यामुळे काही झालं, लागलं, मोडलं, तर आधी आम्हाला सांगायचं. तुझ्यासाठी पण आणि तिच्यासाठी पण." बापाने मुलाला आपलं चुकलं म्हणून सांगणं आमच्या घरात त्याआधी झालेलं मला आठवत नाही.

मला जे दिसलं ते असं. बाबूने खोटं सांगितलं ते तिच्यावरच्या मायेनेच. पण त्या मायेत नुसती भीती होती, आणि ती भीती आम्ही घातलेली. प्राणी परत करायची धमकी दिली की मूल काम करायला लागत नाही, लपवायला शिकतं. आणि रेबीजच्या बाबतीत लपवणं म्हणजे जिवाशी खेळ. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांना मी हात जोडून सांगते, हे वाक्य तोंडातून काढू नका.

त्यानंतर आम्ही तक्ता काढून टाकला. काम वाटून घेतलं, पण या वेळी खरोखर. डॉक्टर, लसी, पैसे, भात-चिकन शिजवणं हे मोठ्यांचं, नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर एक अख्खा जीव ठेवायचा नसतो असं माझं ठाम मत आहे, काहीही झालं तरी तिच्या जिवाला आम्ही जबाबदार. सासूबाई हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, उरलेला भात घालायच्या तो बंद केला, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो म्हणून. बाबूकडे तीन गोष्टी, पाणी, अंगावरच्या गोचिडी आणि संध्याकाळी फिरवणं. आणि पाण्याच्या भांड्याला बाबूशिवाय घरात कोणी हात लावायचा नाही. रिकामं दिसलं तर हाक मारायची, ओरडायचं नाही, टोमणा नाही, नुसतं "बाबू, भांडं." तो अभ्यासाला बसला असो, खेळत असो, झोपलेला असो. बोंडू तहानेली राहता कामा नये पण भरणारा हात त्याचाच. रात्री साडेदहाला गाढ झोपेतून उठवलंय मी त्याला, डोळे मिटलेलेच, भिंतीला धरून पडवीत जायचा, आणि सासूबाई मला म्हणायच्या काय गो तुझं काळीज. माझं काळीज तुटतच होतं. पहिल्या आठवड्यात अकरा हाका, वहीत आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन.

गोचिडीचं मी मुद्दाम त्याला दिलं. पावसात आमच्याकडे गोचिडी फार, आणि चिऱ्याच्या भिंतीला इतकी भोकं आणि फटी की मादी तिथे जाऊन अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी, मग कुत्र्याला कितीही साफ करा, भिंतीतून परत येतात. त्यांच्यामुळे ताप येतो, कुत्रं खात नाही, रक्त कमी होतं. डॉक्टरांनी औषध दिलं होतं मानेवर घालायचं, पण रोज हाताने बघायला लागतंच. संध्याकाळी फिरून आले की पडवीच्या पायरीवर बसायचा, शेजारी नारळाच्या करटीत साबणाचं पाणी, हातात बारीक चिमटा. अगदी कातडीला लागून धरायचं आणि सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, रॉकेल लावायचं नाही. पहिल्या दिवशी त्याला उलटी आली. दुसऱ्या दिवशी हात थरथरत होता, बोंडू ओरडली, तो पण ओरडला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी लांबून बघायला लागले. ती स्वतःहून येऊन त्याच्या मांडीवर डोकं टाकायची. तो कान उलटा करून, उजेडाकडे धरून, केसात फुंकर मारून बघायचा. एकदा मला आतून हाक मारली, "आई, ये ना, तिचा कान आतून कसा आहे बघ, पेरूसारखा गुलाबी आहे." मी गेले. खरंच होता. कानाच्या पातळ कातडीतून मागचा दिवा दिसत होता आणि लाल शिरा. करटीत चौदा गोचिडी. तो मोजून सांगायचा रोज.

माझ्या मते माया लागली ती इथे. मे महिन्यात नव्हे. आधी जीव लागतो आणि मग माणूस करतो असं आपण धरून चालतो, मी डोळ्यांनी बघितलं ते उलटं होतं, रोज हात लावून लावून जीव लागला. आजारी माणसाची सेवा केलेल्या कोणालाही विचारा. फोटो काढायचे त्याने बंदच केले त्या सुमाराला, मला नंतर लक्षात आलं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली तेव्हा बोंडू पाच महिन्यांची. आमच्याकडे चवथीला सगळे भाऊ मूळ घरी जमतात, गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी, नेवऱ्या (करंज्या), रात्री घुमट वाजवत आरत्या, आणि फटाके. बाबूला फटाक्यांचं वेड, वर्षभर खाऊचे पैसे साठवतो त्यासाठी, त्याही वर्षी पिशवी भरून आणलेले. बोंडूला घरी एकटी ठेवणार कशी म्हणून बरोबर नेली. आरतीआधी चुलत भावांनी अंगणात पहिली माळ लावली आणि ती जी सुटली ती आतल्या खोलीत सासूबाईंच्या खाटेखाली, भिंतीला चिकटून. आपल्याला ऐकू येतात त्याच्या दुपटीहून वरच्या पट्टीचे आवाज कुत्र्याच्या कानात शिरतात, आणि ते का होतायत ते तिला सांगणार कोण. तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते. एका काकांनी पाय धरून ओढून काढायला बघितलं तर बाबू मध्ये पडला, "ओढू नका, ती चावेल, तिची चूक नसेल मग." पोटावर झोपून तो खाटेखाली शिरला. बाहेर आरत्या सुरू झाल्या, एक, दोन, पाच, आमच्या आरत्या तास-दीड तास चालतात, हा आतच. मी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला. वाकून बघितलं तर तिला धरलेलं पण नव्हतं त्याने, नुसता शेजारी पडून होता, हात तिच्या पाठीवर, आणि ती त्याच्या बगलेत नाक खुपसून. सासूबाई आरतीला आला नाही म्हणून बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर दोन नेवऱ्या ठेवल्या आणि पान खाटेखाली सरकवलं, बोलल्या काहीच नाहीत. त्याची फटाक्यांची पिशवी त्याने दुसऱ्या दिवशी भावांना देऊन टाकली, गावाबाहेर मैदानात नेऊन उडवा या अटीवर. त्यांनी अट पाळली नाही, आणि त्याच्यावरून मोठं भांडण झालं, ते असो.

डिसेंबरात तिचं ऑपरेशन केलं, पिल्लं होऊ नयेत म्हणून. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. त्याने विचारलं, "तिला विचारलं का कोणी?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग त्याला काकींच्या मागच्या छपराखाली नेऊन बसवलं आणि म्हटलं, पाच होती, एक तू आणलीस, हिला सहा झाली तर सहा घरं शोधशील? आणि मादी निघाल्या तर? त्याने खरंच मोजलं, बोटांवर, वाड्यावरची कुठली घरं घेतील. दोन सापडली. तरी तो खूश नव्हता आणि त्याला खूश करायचा मी प्रयत्न केला नाही, ज्याला बोलता येत नाही त्याच्याविषयी ठरवताना थोडं टोचलंच पाहिजे असं मला वाटतं. गळ्यातलं ते प्लास्टिकचं नरसाळं दहा दिवस, दारांना आपटत फिरायची बिचारी. टाके चाटू नये म्हणून तो पडवीच्या आतल्या बाजूला चटई टाकून झोपला दहाही रात्री.

आताची गोष्ट सांगते, जानेवारीतली. सावंतवाडीला माझ्या बहिणीकडे मुंज होती, दोन रात्रींचा मुक्काम, सासूबाई गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या म्हणून बोंडूला त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं. निघायच्या आदल्या रात्री बाबूने कालनिर्णयाचं डिसेंबरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या जागेत आजीसाठी लिहून, पडवीच्या दाराला चिकटवलं. मी सकाळी बॅगा बाहेर काढताना वाचलं, तसंच्या तसं देते, शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय.

"आजी, पाणी सकाळी आणि संध्याकाळी बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. आत बोट फिरवून धुवायचं, बुळबुळीत होतं. काकी सुकट देतील, देऊ देऊ नको, काटा लागेल. पोदेर आला की ती ओरडते, तिला गप्प कर म्हणू नको, तो गेला की थांबते. कुठे लग्नाचे फटाके वाजले तर ती तुझ्या खाटेखाली जाईल, ओढायचं नाही, तू वर बसून राहा फक्त, तिला तुझे पाय दिसले पाहिजेत. चावली तर लगेच आईला फोन कर, लपवू नको, आम्ही तिला परत देत नाही. डाव्या कानात गोचीड लागते, रोज बघ. चिमटा करटीत आहे."